चौदाव्या दारापलीकडे

मावशीने चिखलाने माखलेला हात सरळ तिच्या कागदावर ठेवला आणि म्हणाली,

"हे लिहू नकोस."

तिने पेन्सिल उचलून धरली. कागदावर पाच बोटांचा ओला ठसा उमटला होता आणि त्याच्या कडेला, जिथे बाण काढायचा होता, तिथे रेघेची नुसती सुरुवात झाली होती.

"लिहीत नाही," ती म्हणाली. "पण मग बोला तरी."

मावशी पुन्हा ट्रेकडे वळली. काळ्या प्लास्टिकचे ट्रे, प्रत्येकात अठ्ठ्याण्णव खण, प्रत्येक खणात करंगळीएवढं मिरचीचं रोप. असे चाळीस ट्रे सावलीच्या जाळीखाली मांडलेले होते आणि त्यापुढे वांग्याची रोपं होती, टोमॅटोची होती. सगळं हिरवंगार. जवळपास विहीर नव्हती. हातपंप होता, पण त्याचं पाणी खारं. त्या पाण्यात साबणाचा फेससुद्धा धड होत नसे.

नकाशेवाली म्हणून तिला आता त्या कालव्यावर सगळे ओळखत होते. संस्थेने तिला पाठवलं होतं ते एका साध्या प्रश्नासाठी: पाण्याची अडचण आली, तर तुम्ही कोणाकडे जाता? जो उत्तर देईल त्याचं एक वर्तुळ, ज्याचं नाव सांगेल त्याचं दुसरं, आणि मध्ये बाण. असे सगळे बाण जुळले की कालव्याच्या या फाट्यावर पाणी खरोखर कोणाच्या शब्दाने हलतं ते दिसणार होतं, आणि त्यावरून नवी पाणीवाटप समिती नेमली जाणार होती. फाट्याच्या चौदा दारांवरच्या दीडशेहून जास्त लोकांनी भरभरून उत्तरं दिली. चौदाव्या दारापलीकडे, जिथे पाटबंधारे खात्याचं लाभक्षेत्र संपतं, तिथल्या अकरा घरांनी मात्र एकच उत्तर दिलं. कोणाकडेच नाही.

ती विज्ञान शिकलेली मुलगी होती. पाणी वरून खाली येतं हे तिला ठाऊक होतं, आणि कोणीतरी सोडल्याशिवाय ते येत नाही हेही. ज्यांचं कोणीच नाही, त्यांच्या वाफ्यात ओल कुठून? म्हणून ती सलग तीन दुपारी इथे येत होती. पहिल्या दिवशी मावशीने तिला पाटावर बसवलं, दुसऱ्या दिवशी रोपं विरळायला लावली, आणि आज तर आल्या आल्या हातात ट्रे दिला.

"तू शिकलीस ते पाणी मोजायला, की माणसं मोजायला?" मावशीने विचारलं.

"दोन्ही."

"मग पाणीच मोज. ते खोटं बोलत नाही."

"म्हणजे तुम्ही बोललात."

मावशी हसली. समोरचा एक दात नसल्यामुळे तिचं हसू नेहमी थोडं चोरटं वाटे.

"फार पुढची आहेस तू. त्या मुळ्या तोडू नकोस, नखाने धर. हां." मग तिने आणखी दोन-तीन रोपं उचलली. "ज्या तलावातून हा कालवा निघतो ना, त्याच्या तळाशी आमची घरं आहेत. उठवलं तेव्हा म्हणाले, तिकडे जा, पाणी तुमच्या मागोमाग येईल. आम्ही आलो. पाणी चौदाव्या दाराशी थांबलं."

"आणि मग?"

"मग काय. अकरा घरं, त्यातली निम्मी माणसं चार वर्षांत गेली, कोणी शहरात, कोणी मातीत. एक दिवस दारं सांभाळणारा पाटकरी सायकल ढकलत आला. टायर बसलं होतं. पाणी मागितलं त्याने प्यायला. ह्या पंपाचं दिलं. त्याने एक घोट घेतला आणि थुंकला. म्हणाला, हे पिता तुम्ही?" मावशीने हातातलं रोप खणात बसवलं आणि अंगठ्याने दाबलं. "पाण्याच्या पुढच्या पाळीला शेवटचं दार चाकाचा दीड आटा, म्हणजे दीड फेरा, उघडं राहिलं. दोन तास. तेव्हापासून दर पाळीला राहतं. वहीत लिहितो, बंद."

"किती वर्षं?"

"एकवीस."

तिच्या हातातली पेन्सिल आपोआप कागदाकडे गेली. मावशीने पाहिलं.

"नाव लिहिणार नाही," ती घाईने म्हणाली. "कोणाचंच लिहीत नाही आम्ही. नुसते आकडे. पण मावशी, तुम्ही नकाशात आलात तर समितीत याल. मग दीड आट्यावर जगावं लागणार नाही. हक्काने मागता येईल. तुमचं कोणीच नाही असं दाखवलं तर तुम्ही तिथे नाहीच असं होतं."

मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. समोरच्याचं म्हणणं खरं आहे की नाही यापेक्षा, म्हणणारी खरी आहे की नाही हे ती बघत असावी.

"आकड्याला तोंड नसतं ना?"

"नसतं."

"काढ मग तुझा बाण."

त्या संध्याकाळपर्यंत अकरा घरांतून अकरा बाण मिळाले. एकदा मावशीने मान डोलावल्यावर बाकीच्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

पाटकऱ्याला ती आधीच भेटली होती. पन्नाशी उलटलेला, पायाने थोडा फेंगडा, मनगटं मात्र लोहारासारखी. तिच्यासमोर त्याने सातव्या दाराचं गंजलेलं चाक एका हाताने फिरवलं होतं. तिचा प्रश्न ऐकून म्हणाला होता, "माझ्याकडे कोण येणार? वर साहेब, खाली बेडूक, मध्ये मी. साहेब ओरडला की चाक इकडे, बेडूक ओरडला की तिकडे."

संस्थेच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिने नकाशा तयार केला तो आठ दिवस खपून. शेतकरी हिरवे, दुकानदार आणि गिरणीवाले पिवळे, खात्याचे कर्मचारी निळे. जितके बाण येतील तितकं वर्तुळ मोठं. नावं काढली, वयं काढली, घरांचे क्रमांक काढले. तीन वेळा तपासलं. कुठेही एका अक्षरावरून कोणी ओळखू येणार नाही याची खात्री झाल्यावरच तिने तो संस्थेच्या प्रमुख मॅडमना दाखवला.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ तोंड नेलं. डाव्या खालच्या कोपऱ्यात अकरा छोटी हिरवी वर्तुळं एका निळ्या वर्तुळाला चिकटली होती. बघताना फुलासारखं दिसत होतं.

"हे शेपूट," मॅडम म्हणाल्या. "आजवरच्या एकाही अहवालात हे लोक नव्हते. शाब्बास. नावं काढलीस ना?"

"सगळी."

"मग लाव सभेत."

सभा खात्याच्याच दालनात होती. लोखंडी खुर्च्या, भिंतीवर कालव्याचा जुना आराखडा, आणि त्याच्या शेजारी तिचा नवा नकाशा. वरच्या दारांचे बागाईतदार पुढच्या रांगेत, मागे बाकीचे. पाटकरी दाराशी उभा होता, कारण त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. चौदाव्या दारापलीकडचं कोणीही नव्हतं. त्यांना समितीत घ्यायचं हे आज ठरणार होतं.

खात्याचे साहेब उठून नकाशाजवळ आले. आजवर पाहिलेल्या अधिकाऱ्यांसारखे ते घड्याळाकडे बघत नव्हते. पेनच्या टोपणाने एकेक बाण धरून ते खाली येत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा मोजत होते. कोणीतरी आपलं काम इतकं नीट वाचतंय याचा तिला आनंद झाला. तो आनंद नंतर कितीतरी दिवस तिला आठवणार होता.

"निळा रंग कशाचा?"

"खात्याचे कर्मचारी, सर."

"आणि ही अकरा?"

"शेवटच्या दारापलीकडची घरं. कागदावर लाभक्षेत्राबाहेर आहेत, पण प्रत्यक्षात त्यांना पाण्याची..."

ती थांबली. टोपण निळ्या वर्तुळावर टेकलं होतं.

"या फाट्यावर आमचा माणूस एकच आहे," साहेब म्हणाले.

मग मागच्या रांगेतला एक जण खुर्ची मागे सारून उठला.

"साहेब, मी काय म्हणत होतो? चार वर्षं ओरडतोय, तेराव्या दाराला पाणी कमी! तर म्हणे बाष्पीभवन! कुंपणच शेत खातंय!"

"सर, नकाशात कोणाचंही नाव नाही," ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला.

"नाव कशाला हवंय?" साहेबांनी टोपण पेनला लावलं. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तिने एक गोष्ट समजावून सांगितली होती आणि त्यांना ती समजली होती, इतकंच.

तिने दाराकडे पाहिलं. पाटकरी नकाशाकडे बघत होता. गर्दीच्या फोटोत आपण कुठे आहोत ते शोधावं तसा.

सभेनंतर सहाव्या दिवशी शेवटच्या दाराला कुलूप लागलं आणि कुलपावर वेल्डिंग झालं.

ती गेली तेव्हा मावशी हातपंपावरून डबे भरून आणत होती. तिने पुढे होऊन एक डबा घेतला. मावशीने घेऊ दिला. मिरचीच्या रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. काही ट्रे नुसतेच काळे, त्यांतली रोपं आडवी झालेली. खाऱ्या पाण्याने पान आधी कडेने जळतं, मग देठ मऊ पडतो. पुस्तकात हे तिने वाचलं होतं. चित्रही होतं.

"थोडं थोडं घातलं तर तगतील का?" तिने विचारलं.

"तुला माहीत."

नंतर बराच वेळ दोघी डबे वाहत राहिल्या. अकराव्या की बाराव्या खेपेला मावशीने जाळीच्या बांबूला खोचलेला एक कागद काढून तिच्या हातात दिला. खात्याची नोटीस होती. अनधिकृत पाणीउपसा आणि शासकीय जागेवरील अतिक्रमण याबद्दल आपल्यावर गुन्हा का दाखल करू नये आणि आपणांस तेथून का हलवू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. खाली अकरा घरांच्या कर्त्या माणसांची नावं, बापाच्या नावासकट.

"एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी आमची नावं इतकी नीट लिहिली," मावशी म्हणाली. "एक चूक नाही बघ."

तिला खाली बसावंसं वाटलं. ती उभीच राहिली, कारण बसली असती तर मावशीला तिची समजूत काढावी लागली असती.

"मावशी, मी साहेबांना भेटते."

"भेट की. आणि हा डबा पालथा घालून जा. डास होतात."

साहेबांनी तिला स्वतःच बोलावलं. त्यांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते: तिचा नकाशा, घडी मोडलेला, आणि पाटकऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला जबाब. साहेबांनी तो तिच्याकडे सरकवला.

'वयोमानामुळे माझ्या हाताला पूर्वीचा जोर राहिलेला नाही. शेवटचे दार पुरते बंद झाले की नाही हे पाहण्यात माझ्याकडून हयगय झाली. त्यामुळे पाणी पलीकडे जात राहिले असावे. चौदाव्या दारापलीकडे राहणाऱ्या कोणालाही मी ओळखत नाही. त्यांनी कधीही माझ्याकडे पाणी मागितलेले नाही.'

तिला ते गंजलेलं चाक आठवलं आणि त्यावरचा तो एकच हात.

"दोन्ही कागद खरे असू शकत नाहीत," साहेब म्हणाले. "तुमचा खरा असेल, तर हे संगनमत आहे. एकवीस वर्षांचं. मग याच्यावर फौजदारी, आणि त्या अकरा घरांवरही. नोटिशीचं पुढे काय होईल ते तुम्ही वाचलंच असेल. याचा खरा असेल, तर एका कामगाराचा निष्काळजीपणा. तो घरी जाईल, दार बंद राहील, आणि पाणी आपोआप आलं म्हटल्यावर चोरीचा प्रश्न येत नाही. नोटीस फाईलला लागेल."

"आणि पाणी?"

"पाणी लाभक्षेत्रालाच मिळतं." त्यांनी घंटी दाबली. "घाई नाही. चहा घ्या. तुम्ही जे लिहून द्याल ते मी वर पाठवीन. माझं मत विचारू नका."

ते अकरा बाण मागे घेतले तर, असं तिने मॅडमना सकाळीच फोनवर विचारलं होतं. मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या होत्या, "अकरा बाण खोटे म्हणालीस तर बाकीचे खरे का मानावेत, असं कोणीही विचारेल. शितावरून भाताची परीक्षा असते, बाळा. नकाशा जाईल, समिती जाईल, आणि तुझ्या नावापुढे कायमचं लागेल ते. मी तुला लिही म्हणणार नाही, आणि लिहू नकोसही म्हणणार नाही."

तिने कोरा कागद मागितला. कारकुनाने आणून दिला आणि तो शेजारीच उभा राहिला, शिक्का हातात घेऊन.

तिने लिहिलं, की नकाशाच्या डाव्या खालच्या भागातील बाण क्रमांक दोनशे तीन ते दोनशे तेरा हे माहिती भरताना माझ्याकडून झालेल्या चुकीमुळे आले आहेत. प्रत्यक्ष मुलाखतीत असे कोणीही सांगितलेले नाही. आपण आकडे बरोबर टाकले ना, हे तिने नकाशाशी ताडून पाहिलं. खोटं लिहितानाही तिला ते तपासल्याशिवाय राहवलं नाही. मग सही केली. कारकुनाने शिक्का मारला, फुंकर घातली, आणि तिचं नाव मोठ्याने वाचून बरोबर असल्याची खात्री करून घेतली.

बाहेरच्या बाकावर पाटकरी बसला होता. मांडीवर कापडी पिशवी. खात्याचा बिल्ला आणि दारांच्या किल्ल्या परत करायला आला होता.

"दिलं लिहून?"

"दिलं."

"अक्षर चांगलं आहे ना? माझं वाचायला साहेबांना दोन दिवस लागले."

"काका, मी..."

"काका कोण?" त्याने तिच्याकडे न बघता पिशवीचे बंद बांधले. "आता नीट ऐका. तिकडे फिरकायचं नाही. कागदावर चूक झाली होती म्हणता, मग ही मुलगी रोज तिथे डबे का वाहते, असं कोणीतरी विचारणारच. वरच्या दारांची माणसं डोळ्यांत तेल घालून बसलीत. त्या अकरा घरांनाही मी निरोप धाडलाय. मला ओळखायचं नाही, तुम्हाला तर नाहीच नाही. नोटीस फाईलला लागून धूळ खाईपर्यंत कोणी कोणाचं नाही."

"पण त्यांना पाणी कुठून मिळणार?"

त्याने आपले हात उलटे करून पाहिले, मग सुलटे.

"वेल्डिंग चांगलं केलंय," तो म्हणाला. "मी बघून आलो. करणारा कामाचा माणूस आहे."

आतून कोणीतरी त्याला हाक मारली. तो उठला आणि किल्ल्या वाजू नयेत म्हणून पिशवी पोटाशी धरून आत गेला.

दुपारच्या बसला गर्दी होती. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. दोन बाकं पुढे तोच कारकून बसला होता, मान वळवून त्याने "निघालात?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हसला.

कालव्याच्या शेवटच्या वळणावर बस थांबली. मावशी चढली. तिच्या डोक्यावर रिकाम्या ट्रेची चळत होती, सुतळीने बांधलेली. कोणीतरी विचारलं, "काय मावशी, ट्रे कुठे?" ती म्हणाली, "देऊन टाकते. ज्याच्याकडे रोपं आहेत त्याला होतील." ती वाट काढत मागे आली. बसमध्ये एकच जागा मोकळी होती, तिच्या शेजारची.

कारकुनाने मान वळवलेलीच होती.

"बाई, जरा सरकता का?" मावशी म्हणाली.

ती सरकली. मावशीने बसून चळत मांडीवर घेतली. ट्रे धुतलेले होते. काळ्या प्लास्टिकवर खारं पाणी वाळून पांढुरकी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. खड्ड्यात बस आदळली की मावशीचा खांदा तिच्या खांद्यावर येई, पुढच्या क्षणी परत जाई. मावशीच्या नखांतली माती तिला दिसत होती. ती समोर बघत राहिली. मावशीही.

बाजाराच्या चौकात कारकून उतरला. उतरता उतरता त्याने तिला हात केला. त्याच्यामागून निम्मी बस रिकामी झाली. पुढे बागाईतदारांपैकी कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं. ड्रायव्हर होता, आणि एक म्हातारा, तोंड उघडं टाकून झोपलेला. पलीकडची तीन बाकं मोकळी होती. मावशी उठून तिकडे गेली नाही.

तिने थोडी वाट पाहिली. मग वळून, अगदी हळू, म्हणाली,

"मावशी."

मावशीने ट्रेवरची सुतळी ओढून घट्ट केली. गाठ पक्की होती. तरी ती सोडून तिने पुन्हा बांधली.

"तुम्ही कुठे उतरणार?" मावशीने विचारलं.

"शेवटच्या थांब्याला."

"मग बरंय," मावशी म्हणाली. "मी आधी उतरेन. तुम्हाला उठावं लागणार नाही."